पालक वरच्या वाफ्यात

“बाबांना रोज चढावर चालवायचं, आई. सांगून नाही, कामाला लावून,” देवश्रीनं फोनवर बजावलं होतं.

रुख्मिणीबाई सुतळीचं टोक धरून परसात उभ्या होत्या आणि लेकीचा तोच आवाज कानात घोळत होता. देवश्री आदिलाबादला दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला. सणाला इचोड्याला आली तेव्हा आईबाबा दोघांचंही रक्त घेऊन गेली. तुझं ठीक आहे आई, म्हणाली, बाबांची साखर मात्र वाढली. तीन महिने गोड बंद आणि रोज चालणं. तेवढ्यानं उतरली तर बरं, नाही तर जन्माच्या गोळ्या.

सांगून ऐकतील तर ते केशवराव कसले. तीस वर्षं किराणा दुकानाच्या गल्ल्यामागून उठले नव्हते.

मग रुख्मिणीबाईंनी परस बघितलं. स्वयंपाकघराच्या दारापासून वर चढत जाणारं. मागच्या पावसात मेथीसकट सगळी माती वाहून दारात आली होती. तेव्हा वाफे उंच बांधायचे हे सांगायला निमित्तही चांगलं होतं.

धोंडीबा गवंडी उताराला आडवी सुतळी ताणत होता. खालच्या बाजूला दोन वीत दगड, वरच्या बाजूला एक, म्हणजे माती सपाट बसेल. पाच वाफे, पायऱ्यांसारखे. रुंदी दोन्हीकडून हात पोचेल इतकीच. इथवर दोघांचं जमलं.

“पालक, मेथी सगळ्यात वर,” रुख्मिणीबाई म्हणाल्या. “दोडका, कारलं खाली नळापाशी.”

धोंडीबानं सुतळी सोडली. “काकू, तुमी उलटं करून राह्यल्या. पाल्याला रोज पाणी लागते. दोडका वर टाका, त्याला दिवसाआड चालते.”

“पालक वरच.”

“मंग वरलोग पाइप टाकू?”

“पाइप नको. कळशीनं घालू.”

“कळशीनं? काऊन?”

“नेम आहे,” रुख्मिणीबाई हळूच म्हणाल्या. नेम म्हटलं की त्यांना पुढं कोणी विचारत नसे. पहाटेचं स्नान, तुळशीला पाणी, गुरुवारचं पारायण, एकादशी. पंचवीस वर्षांत एक मोडला नव्हता.

केशवराव दारात खुर्ची टाकून बसले होते. धोंडीबा त्यांच्याकडे वळला. “मालक, ऐकून राह्यले ना? कळशी घेऊन कोण चढंल, तुमी? दुकानात मिठाचा पुडा मागितला तं गिऱ्हाइकालाच म्हणता, घे बापा तुह्या हातानं.”

“चढतो की,” केशवराव म्हणाले.

रुख्मिणीबाईंनी मान वर केली. दोन दिवस त्या बोलणी जुळवत होत्या, ती सगळी वाया गेली.

“पण एकटा नाही,” ते म्हणाले. “मी जितक्या खेपा, तितक्या तुह्या. तू बसली का मी बसलो.”

“लहान लेकरासारखं काय करता?”

“गोडाचंही तसंच. मी सोडतो, पण तू समोर बसून शिरा खाशील तं मले जमणार नाही.”

“तुम्ही खाणार नाही तर माझ्या घशाखाली उतरेल का?”

“देवापुढं बोल तसं.”

धोंडीबा हसला. “घ्या काकू, अजून एक नेम.”

रुख्मिणीबाई खरोखर आत गेल्या. देवापुढं हात जोडले. ह्यांची साखर उतरेपर्यंत मी गोड खाणार नाही, आणि रोज वीस खेपा घालीन, असं दारापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलल्या. एकादशीच्या उपासाला दोनदा साबुदाण्याची खीर व्हायची, तीही आता नको. बाहेर आल्या तेव्हा चेहरा कसा उजळला होता. माणूस इतक्या सहज कबूल झाला ही देवाचीच कृपा.

“वाट किती रुंद ठेवू?” धोंडीबानं विचारलं.

“दोघं सोबत चालतील इतकी,” केशवराव म्हणाले.

“अन् कोपऱ्यावर वळणं असू दे,” रुख्मिणीबाई म्हणाल्या. “सरळ नको.” वळणानं पावलं वाढतात हे त्यांनी मोजून ठेवलं होतं.

धोंडीबानं चुना टाकून वाट आखली, उद्या दगड आणतो म्हणाला आणि पुटपुटत गेला. “देवधरमाचं आपल्याले समजत नाही बापा.”

नेम बोलला त्याच दिवशी धरायचा असतो. वाफे व्हायचे होते, पण वर टोकाला कढीपत्त्याचं झाड होतंच. रुख्मिणीबाईंनी नळाखाली दोन लहान कळशा भरल्या, एक नवऱ्यापुढं ठेवली, दुसरी कमरेवर घेतली.

“या हं मागून.”

“तू हो पुढं. मी आलोच.”

त्या चुन्याच्या रेघेवरून चढू लागल्या. दुसऱ्या वळणाला दम लागला, क्षणभर थांबल्या, मग पुन्हा निघाल्या. ह्यांच्यासाठी एवढं तर करायलाच हवं.

केशवरावांनी खिशातून फोन काढला आणि लेकीला लावला.

“चढून राह्यली,” ते बारीक आवाजात म्हणाले. “हो, वीस खेपा. गोडही सोडलं, देवापुढं बोलली... नाही, काही संशय नाही आला. पालक वर लावायची युक्ती तं तिचीच.” त्यांनी वर पाहिलं. “एकही खेप एकटीला करू देणार नाही, शब्द दिला ना तुले. पण इतक्यात सांगू नको, बाई, का साखर माही नाही, तिची वाढली म्हणून. माह्यासाठी ती डोंगर चढंल. स्वतःसाठी म्हटलं का, देव बघंल म्हणते अन् बसते.”

फोन खिशात टाकून त्यांनी कळशी उचलली आणि तिच्या मागं चढू लागले.