रुमालाखालचा दिवा

शिक्षकांच्या टेबलावरच्या बटणांनी चालणारे नवे बाक आले तेव्हा तरुण शिक्षक ते वापरायला एका दिवसात शिकले. खरोटे बाईंनी मात्र टाचणवहीत उद्दिष्टं लिहिली: पहिल्या आठवड्यात एक बाक सुरू करणे, दुसऱ्यात एक रांग, दिवाळीपूर्वी सगळा वर्ग. बाकावर बसलेल्याला शिकवलेलं कळलं नाही, की त्या बाकाचा केशरी दिवा लागायचा आणि कळेपर्यंत विझायचा नाही.

आज चौतीसही बाक सुरू झाले. बाईंनी अपूर्णांकांचा भागाकार शिकवला आणि वळून पाहिलं. कुठेच केशरी दिसेना. त्यांनी आनंदाने वहीत बरोबरची खूण केली.

मग त्यांचं लक्ष गेलं. प्रत्येक दिव्यावर डब्याचा रुमाल होता.

"कृष्णाली, हे काय गं?"

पहिल्या बाकावरची कृष्णाली गोंधळली. "बाई, तुम्ही पण झाकता ना!"

बाईंच्या टेबलालाही दिवा होता. ही बटणं शिकायला घेतल्यापासून तो विझलाच नव्हता, म्हणून त्यांनी त्यावर रुमाल टाकला होता.

त्यांनी वहीतली खूण खोडली आणि आपला रुमाल उचलला. केशरी उजेड फळ्यापर्यंत गेला.

"यातली निम्मी बटणं मला अजून कळलेली नाहीत," त्या म्हणाल्या.

कृष्णालीने आपला रुमाल काढला. मग मागच्याने, मग त्याच्या शेजारणीने. बघता बघता सगळा वर्ग केशरी झाला.

बाईंनी नवं उद्दिष्ट लिहिलं: उद्यापर्यंत एक तरी दिवा विझवणे.

"आधी कुणाचा घ्यायचा?" त्यांनी विचारलं.

"तुमचा," असं म्हणत कृष्णाली बटणं दाखवायला टेबलापाशी आली.