कव्हरवरचा फोटो

१९८४ साली ओर्नेल्लानं आमच्या बँडचा एकुलता एक अल्बम गायला, सिंथेसायझर माझा. आमच्या फाएन्झा गावात तो कुणीच ऐकला नाही. रिकाम्या हॉलची धास्ती तिनं जन्मभर बाळगली. जाताना म्हणाली, "मला पोचवायला तरी चार माणसं येऊ देत रे."

भिंतींवर लावायच्या निधनपत्रकासाठी माझ्याकडे अल्बमच्या कव्हरवरचाच तिचा फोटो होता.

"काळी लिपस्टिक, उभे केस? पाद्रीबाबा मला कच्चा खातील!" छापखान्यातला नेवियो ओरडला. पण छापलं त्यानं. वर फोटो, खाली नाव, वार, वेळ आणि चर्च, एवढंच.

गुरुवारी चर्च गच्च भरलं. शवपेटी अजून यायची होती.

शेजारच्या अनोळखी बाईंनी मला हळूच विचारलं, "अहो, गाणारी आली का?"