पडद्याचा उजेड

"काळाकुट्ट आलाय! धड फोटो काढता येत नाही तुला," जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत पद्माकरराव बायकोवर खेकसले आणि फोटो पुसून मोकळे झाले. सहस्रचंद्रदर्शनाला नटून बसलेल्या सासूबाईंना लेकीसुनांनी पुन्हा ओवाळलं. तोही फोटो पुसला गेला. तिसऱ्यांदा ओवाळलं. जावयाला सांगणार कोण?

अखेर मेहुणीने कॅमेरा हातात घेतला. "भाऊजी, फोटो चांगलाच आहे. पडद्याचाच उजेड कमी करून ठेवलाय कुणीतरी!"

बॅटरी वाचावी म्हणून सकाळीच पद्माकररावांनी तो मोठ्या हुशारीने कमी केला होता.

मेहुणीने उजेड वाढवला. उरलेल्या एकुलत्या फोटोत सासूबाई लख्ख दिसल्या, दमलेल्या आणि पेंगुळलेल्या. आधीच्या दोन्ही वेळा त्या मनापासून हसल्या होत्या. पद्माकररावांची मान वर होईना.

"जावईबापू दमले असतील," सासूबाई म्हणाल्या. "आधी त्यांना सरबत द्या गं."