सैल कडं

मुखरूभाऊंनी हातोडा उचलला आणि मी किंचाळले, "भाऊ, ठोकू नका, काच हाय थे!" मी प्लास्टिकच्या पाइपातून घरीच दुर्बीण बनवली होती, पण डोळा लावायची भिंगाची नळी त्यात ढिली पडत होती. मधे बसवायला ॲल्युमिनियमचं कडं हवं होतं, म्हणून मी आरमोरीतल्या त्यांच्या धातू कातायच्या लेथवर आले होते. राइस मिलचे नि ट्रॅक्टरचे बुश कातण्यात मुखरूभाऊंचा जन्म गेलेला, आणि बुश, म्हणजे दांड्याभोवतीचं धातूचं कडं, ठोकूनच बसवतात. माझं कडंही त्यांनी त्याच सवयीनं घट्ट कातलं होतं. "सैल बसलं थे टिकत नाई, पोरी," ते गुरकावले. "पण भाऊ, मले हे मागंपुढं सरकवा लागते, तवाच चित्र साफ दिसते." मान हलवत त्यांनी हातोडा ठेवला, कडं पुन्हा मशीनवर चढवलं, आतून केसभर कातलं आणि पॉलिश पेपर मारला. आता नळी आपल्याच वजनानं हळूहळू आत उतरली. मी खूश झाले, त्यांना मात्र ते पटलेलं नव्हतं. "पडन हे," म्हणाले, आणि कधी पडतं ते पाहायला अंधार पडताच आमच्या अंगणात येऊन हजर! मी दुर्बिणीत शनी लावून दिला. त्यांनी वाकून डोळा लावला आणि नळी स्वतःच मागंपुढं सरकवत चित्र साफ केलं. मग तसेच वाकलेले राहून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "पोरी, ह्याचं कडं तं कुठीच टेकलं नाई. मंग पडत काऊन नाई?"