वजन कुठल्या पायावर

“‘दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून, शिपायासारखा ताठ उभा’? अगं, हे कुणी सांगितलं तुला?” कृष्णवेणी अक्कांनी कागद मांडीवर आपटले.

संहिता वरच्या मजल्यावर राहायची. पुण्याहून बंगळूरला शिकायला आलेली. इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशासाठी ती प्राचीन ग्रीक शिल्पांवर लेख लिहिणार होती. आराखडा घेऊन ती अक्कांकडे आली, कारण अक्कांनी जन्मभर बंगळूरच्या कलाशाळेत हाच विषय शिकवला होता.

“‘अद्वितीय’, ‘अजरामर’ काढून टाक. ज्ञानकोश आहे, सत्कार समारंभ नव्हे!” अशा चुका काढताना अक्का खुशीत असायच्या. अर्थात बसल्या जागेवरून. उजव्या खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या बसूनच होत्या. हाड कधीच जुळलं होतं. “अक्का, स्वल्प भार टाका, स्वल्पच,” म्हणून फिजिओथेरपिस्ट रोज विनवायचा. त्या उजवं पाऊल टेकवायच्या आणि धास्तीनं उचलून घ्यायच्या. शेवटी सून मेघाश्रीनं व्हीलचेअर मागवली. ती उद्या येणार होती.

“अगदी आधीचे पुतळे तसे ताठ असायचे,” अक्का म्हणाल्या. “मग कुणाच्या तरी लक्षात आलं, जिवंत माणूस असा उभा राहत नाही. वजन एका पायावर, दुसरा गुडघा सैल. कंबर एकीकडे कलते, खांदे दुसरीकडे. तेव्हापासून पुतळा आता पाऊल टाकेल असं वाटायला लागलं. आणि तू नेमकं तेच गाळलंस?”

“म्हणजे कसं, अक्का? मला डोळ्यांपुढे येत नाहीये.”

पूर्वी वर्गात स्लाइडच्या यंत्राचा दिवा उडाला, की अक्का चपला काढून स्वतःच पुतळा होत. मुलं भराभर रेखाटनं करत. आत्ताही त्यांनी खुर्चीचे हात दाबले आणि उठल्या. डावा गुडघा सैल सोडला. कंबर कलली, खांदे कलले, मान किंचित वळली.

“असं! आलं डोळ्यांपुढे?”

संहिता खाली बघत होती. कॉफी घेऊन आलेली मेघाश्री दारातच थबकली. दोघी जिकडे पाहत होत्या तिकडे अक्कांनी पाहिलं. उजवा पाय खांबासारखा रोवलेला होता.

“अगंबाई! सगळं वजन याच्यावरच की!” अक्का मोठ्यानं हसल्या. “मेघा, त्या व्हीलचेअरवाल्याला नको म्हणून कळव. आणि तू गं, ही एका पायावरच्या वजनाची ओळ आधी लिहून घे.”

“लिहिली होती, अक्का, अगदी पहिल्याच दिवशी,” संहिता म्हणाली. “आज सकाळी खोडली.”