कंपनमर्यादा

चहा हिंदकळू नये, एवढीच म्हाताऱ्या परागची इच्छा होती. हातांची थरथर जावी म्हणून त्यानेच बायकोला, केतकीला, त्याच्या मेंदूतल्या चिपच्या मूळ प्रणालीत ‘कंपनमर्यादा’ शून्य करायला लावली. आता कप हातात तसाच धरून तो खुर्चीत ताठ बसला होता. पापणीही हलत नव्हती. ऐकू मात्र सगळं येत होतं.

केतकीने माहितीपुस्तिका पुन्हा वाचली. “कंपनमर्यादा : ही सेटिंग कंपनाची मर्यादा ठरवते. कोणत्या मेल्यानं लिहिलंय हे?”

हेल्पलाइनवरची बाई नम्रपणे म्हणाली, “काकू, आमच्याकडेही तेवढंच लिहिलंय. सेटिंग मागे फिरवता येईल, फक्त काकांनी स्वतःच्या आवाजात ‘हो’ म्हणायला हवं.”

केतकीने फोन त्याच्या ओठांशी नेला. “म्हण ना रे.”

पराग मघापासून आतल्या आत तेच ओरडत होता. त्याच्या हातातला चहा जराही हिंदकळला नाही.