पत्र्याची धार

कॉम्प्युटरमधून काढलेला प्रत्येक भाग आधी आपल्या हातात द्यायचा, असं मास्तरांनी मेकॅनिकला खुर्चीवर टेकण्याआधीच बजावलं. मास्तरांना दिसत नव्हतं. मागच्या खेपेला आलेल्या इसमाने चांगली मेमरी काढून मरतुकडी बसवली होती आणि वर दोन कप चहा पिऊन, तब्येतीची चौकशी करून गेला होता. तेव्हापासून गोड बोलणाऱ्यावर त्यांचा पहिला संशय.

हा तर फारच गोड बोलत होता. एवढं नवीन सामान घेतलंत, तर खोकंही नवीन घ्या, असं त्याने तीनदा सुचवलं. "मास्तर, हे वीस वर्षांचं आहे. आजोबांच्या तोंडात नातवाचे दात बसवल्यासारखं होईल."

"बसवा," मास्तर म्हणाले.

खोकं बदलायचं नव्हतं. पुढचं बटण, खालची खाच, मागची भोकं, सगळं त्यांच्या बोटांना पाठ होतं. लोक सभांची, भाषणांची रेकॉर्डिंग पाठवत. मास्तर ऐकून टाइप करत, आणि त्यात दुसऱ्या कुणाचा हात लागत नसे. बायकोचाही नाही. या घरात आपल्याला कुणी धरून न्यावं लागत नाही, हे ते आल्यागेल्याला ऐकवत. नवं खोकं आलं की पुन्हा 'अगं, जरा बघतेस का' सुरू. तेवढं एक नको होतं.

जुनी हार्डडिस्क मांडीवर घेऊन ते बसले. लोक डोळ्यांत तेल घालून पहारा करतात; मास्तर तो कानांनी करत. जुना बोर्ड हातात आला, त्याला धुळीचा वास होता. नवा आला, तो हलका लागला. मेमरीच्या पट्ट्या चाचपल्या, दोन्ही जागेवर होत्या. मग मेकॅनिक अडला. नव्या बोर्डाची तोंडं खोक्याच्या मागच्या खाचेशी जुळत नाहीत, पत्रा कापावा लागेल म्हणाला. मास्तरांनी कात्री मागून घेतली, पाती बोटाने तपासली, परत दिली.

कर्रर्र. कर्रर्र. आणि एकदम काहीच नाही.

मास्तरांनी मान वर केली. खुर्ची सरकली. बायकोची पावलं आत गेली, चवड्यांवर. नळ बारीक सुटला. कपाटाचा खण एरवी करकरतो, तो आज करकरला नाही, म्हणजे मुद्दाम हळू उघडला.

"काय झालं?"

"कुठे काय," दोघं एका सुरात म्हणाले.

एका सुरात म्हणाले, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. बायको अशा माणसाला सामील होणार नाही, हे खरं. पण मागच्या खेपेच्या त्या भामट्याला चहाचा दुसरा कप तिनेच दिला होता.

मग कानस सुरू झाली. खर्र, खर्र, खर्र. पाच मिनिटांचं काम अर्धा तास चाललं. मध्येच कानशीचा ताल बदलला, घासणं लांब आणि मवाळ झालं. हा आता नुसता वेळ काढतोय, मास्तरांनी ताडलं.

"पत्रा घासताय की मूर्ती घडवताय?"

"होतंच आलंय," मेकॅनिक म्हणाला. तो कानशीच्या आवाजापासून बराच लांबून बोलला, असं मास्तरांना वाटलं. मग त्यांनी स्वतःलाच दटावलं. संशय किती घ्यायचा यालाही सीमा असते.

मांडीवरची हार्डडिस्क आत बसली. यंत्र सुरू झालं तेही त्यांना पटेना. घरघर कुठे आहे? नवे पंखे कुरकुरत नाहीत, मेकॅनिक म्हणाला. तेवढ्यात यंत्र नेहमीच्या आवाजात बोलायला लागलं, मास्तरांच्या फायलींची नावं एकामागून एक वाचू लागलं. मास्तरांनी रोजच्यासारखा मागे हात घातला, इयरफोनचं भोक शोधायला. ताज्या कापलेल्या पत्र्यावर बोट जपून ठेवलं.

धार नव्हती. चमच्याच्या काठासारखा पत्रा. त्यांनी बोट चारही बाजूंनी फिरवलं. कुठेच नव्हती.

निघताना मेकॅनिकने हात पुढे केला, तेव्हा अंगठ्याची पट्टी मास्तरांच्या तळव्याला लागली.

"हे कधी?"

"कात्री निसटली. वहिनी म्हणाल्या, सांगू नका, ते काम बंद पाडतील." मेकॅनिकने पिशवी उचलली. "कड त्यांनीच घासली हो. माझ्याच्याने कानस धरवेना. पण हात काय साफ आहे त्यांचा. रोजच्या सवयीचा वाटला."

दार लागलं. मास्तर टेबलाला धरून उभे राहिले. सवयीचा?

हे टेबल त्यांनी दुकानात स्वतः चाचपून घेतलं होतं. पहिल्याच आठवड्यात कोपरा तीनदा मांडीत घुसला होता, काळंनिळं झालं होतं. मग थांबलं. खोली पाठ झाली, असं ते तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले होते.

त्यांनी कोपऱ्यावर हात ठेवला. तो गोल होता. दुसरा गोल, तिसराही. ते पलंगापाशी गेले, मग शेल्फापाशी, मग खिडकीच्या चौकटीपाशी. कडांवरून तळवा फिरवत दारापर्यंत आले. कुठेही काही लागलं नाही.

"अगं," त्यांनी हाक मारली. आतली भांडी थांबली. "टेबल आणलं तेव्हा त्याचे कोपरे असेच होते का?"

"असेच तर होते," ती आतून म्हणाली. "तुम्हीच नाही का बघून घेतलंत."